पळायचं बटण

मंडईत गवार निवडत होतो तेव्हा भानूचा फोन आला. गुरुवार होता, सकाळचे साडेनऊ. भाजीवाल्या मावशी मला दुसऱ्यांदा बजावत होत्या, "शेंग मोडून बघू नका, मोडली की घ्यावी लागेल." एका हातात पिशवी, दुसऱ्यात गवार, अशा अवस्थेत मी फोन खांद्याला लावला आणि म्हणालो, "बोला मांजरीचे जहागीरदार, आज सकाळी सकाळी कशी काय आठवण?" पलीकडून त्याची मुलगी गौरी बोलली. चौदा वर्षांची पोर. "काका, मी गौरी. बाबा गेले..." मी म्हणालो, "बरं, बाबांना फोन दे." हे मी खरंच म्हणालो. ऐकू नीट आलं होतं, शब्दही कळले होते, तरी मी त्या पोरीला सांगितलं की बाबांना फोन दे. त्या बिचारीनं फोन आपल्या मामाकडे दिला. मामा म्हणाला, कामाला निघायचं म्हणून पायरीवर बसून बूट घालत होते, एक घातला आणि दुसरा घालायला वाकले ते वाकलेच. वय बेचाळीस. मी ती गवार घेऊन घरी आलो. नंतर मांजरीला, त्याच्या गावी, जाताना पिशवी गाडीच्या हँडलला तशीच लटकत होती हे मला तिथे पोचल्यावर कुणीतरी दाखवून दिलं.

याला पाच आठवडे झाले. अजूनही माझा अर्धा मेंदू असं धरून बसलाय की हा माणूस हडपसरच्या वाहतुकीत कुठेतरी अडकलाय आणि येईल थोड्या वेळानं. या पुरवणीच्या वाचकांनी भानूला ओळखण्याचं काही कारण नाही. तो प्रसिद्ध नव्हता. तो संगणकावरच्या खेळांमध्ये माणसं कशी चालतात ते ठरवायचा. असंही एखादं काम असतं हे त्याच्या वडिलांना कधी पटलं नाही, आणि माझ्या आईला अजून पटलेलं नाही.

आम्ही भेटलो तेव्हा नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी अकोल्याहून इंजिनिअरिंगला आलो होतो आणि सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहत होतो. त्याच गल्लीत दुसऱ्या मजल्यावर एक सायबर कॅफे निघाला होता. आठ संगणक, एकमेकांना वायरनं जोडलेले, आणि भिंतीवर मालकांच्या हस्ताक्षरात पाटी: 'खेळताना ओरडू नये. पडद्यावरचे शत्रू खोटे आहेत, खालचे शेजारी खरे आहेत.' तिथे दुपारी तास बुडवून आम्ही बंदुकीचे खेळ खेळायचो. ज्यांनी हे खेळ पाहिले नसतील त्यांच्यासाठी एवढंच सांगतो की त्यात तुम्हाला स्वतःचं शरीर दिसत नाही. पडद्यावर फक्त पुढे धरलेली बंदूक दिसते आणि समोरचे बोळ, जिने, खोल्या. तुम्हीच तो माणूस. एका दुपारी मला कुणीतरी सलग अकरा वेळा मारलं. मी कोपऱ्यावरून डोकावेपर्यंत हा प्राणी माझ्या मागे उभा. शेवटी वैतागून उठलो आणि एकेका खुर्चीमागे जाऊन पडदे पाहिले. शेवटच्या संगणकावर एक काळासावळा, हडकुळा मुलगा बसला होता, मांडीवर जेवणाचा डबा. मी म्हणालो, "काय बे, चोरी करून राहिला का?" तो मागे न बघता म्हणाला, "चोरी न्हाई. तू सारखा थांबतोयस. मी थांबतच न्हाई." मग डबा पुढे करून म्हणाला, "भाकरी खातोस का?" मी खाल्ली. बरोबर मिरचीचा ठेचा होता, आणि अकरा वेळा मेल्यावर तो फारच चांगला लागला.

खेळात तो जसा होता तसाच रस्त्यावर होता. भानू पळायचा नाही. वीसबावीस वर्षांत त्याला पळताना मी एकदाही पाहिलं नाही. पण तो ज्या वेगानं चालायचा त्याला चालणं म्हणायला जीभ रेटत नसे. टिळक रस्त्यावरून त्याच्यासोबत जायचं म्हणजे मी अर्धा वेळ दुडक्या चालीनं, आणि हा मान वळवून गप्पा मारतोय. सुटलेली बस चालत जाऊन पकडायचा. एकदा मी विचारलं, तुझ्या मागे काय कुत्रं लागलंय का? तेव्हा त्यानं त्याचं मूळ सांगितलं. मांजरीला त्यांचा ऊस होता आणि लहानपणापासून हा वडिलांबरोबर दारं धरायला जायचा, म्हणजे पाटाचं पाणी एका सरीतून दुसऱ्या सरीत वळवायला. "बांधावरनं खोरं घेऊन पळालास तर आपटशील," तो म्हणाला. "हळू गेलास तर पानी शेजाऱ्याच्या रानात. म्हणून चालायचं, पन झपाझप. आन् खोरं हातात तयार पायजे, खांद्यावर न्हाई." पुढे त्या रानात इमारती उठल्या, पाट बुजला, पण चाल तीच राहिली.

मग आयटी आलं. आमच्या पिढीला नोकऱ्यांच्या मागे फार धावावं लागलं नाही, नोकऱ्याच कॉलेजच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. आधी काही वर्षं आम्ही दोघांनी परदेशी विमा कंपन्यांचे फॉर्म संगणकावर चढवले आणि पुरते कंटाळलो. नंतर बाणेरला एक छोटी कंपनी निघाली, परदेशातल्या खेळांचे तुकडे इथे बनवून द्यायची. आम्ही दोघंही तिथे चिकटलो. भानूकडे चाल आली, म्हणजे खेळणाऱ्याचं चालणं, वळणं, उडी मारणं. माझ्याकडे तपासणी, म्हणजे दिवसभर तेच तेच खेळून चुका शोधणं. तोवर बंदुकीच्या खेळांची तऱ्हा बदलत चालली होती. जुन्या खेळांत माणूस मुळातच वेगानं हलायचा, बंदूक कायम तयार. नव्या खेळांत तो रमतगमत चालायचा आणि घाई असेल तर एक वेगळं बटण दाबून पळायचा. ते बटण दाबलं की बंदूक खाली जाते, गोळी झाडता येत नाही, आणि पडद्याच्या कोपऱ्यातली हिरवी पट्टी कमी कमी होत जाते. ती संपली की माणूस धापा टाकत थांबतो. पट्टी भरेपर्यंत पुन्हा पळता येत नाही. परदेशी साहेबांचा निरोप आला की आपल्या खेळातही पळायचं बटण हवं.

भानू ऐकेना. साहेबांबरोबरच्या बैठकीत त्यानं आपल्या इंग्रजीत विचारलं, तुमचा सैनिक लढाईवर निघालाय की वरातीत? बैठक संपल्यावर माझ्याकडे वळला. "आधी मानसाला लंगडं करायचं, आन् मग पळायचं बटन बक्षीस म्हणून द्यायचं. ह्याला काय अर्थ हाय का?" मी साहेबांच्या बाजूनं होतो, आणि ते नोकरीसाठी नव्हे. मला ते बटण मनापासून आवडायचं. उघड्या मैदानात उभं राहून ठरवायचं की आता बंदूक खाली घ्यायची आणि जीव मुठीत धरून त्या भिंतीपर्यंत सुटायचं, यात जी गंमत आहे ती सतत वेगात फिरण्यात नाही. वेग फुकट मिळाला तर त्याची कदर राहत नाही असं मी म्हणायचो. तो म्हणायचा की वेग हा माणसाचा स्वभाव असतो, त्याला कुलूप कसलं लावता? त्याचा सगळ्यात जास्त राग त्या हिरव्या पट्टीवर होता. "माझा दम मला कळतोय," तो म्हणायचा, "पट्टी कशाला पायजे?" आठवडाभर तो माझ्यापासून दूर, खिडकीशी बसून डबा खात होता. आठव्या दिवशी येऊन समोर बसला आणि म्हणाला, "करतो तुझं बटन. पन चांगलं करतो." आणि असं केलं की साहेबांनी दुसऱ्या खेळासाठीही त्यालाच मागून घेतलं.

त्या बटणाला धापेचा आवाज लागणार होता. बाहेरून आवाज घेण्याऐवजी आपणच करू असं ठरलं आणि अर्थातच भानूला पुढे केलं. माईक लावून त्याला ऑफिसचे चार मजले चढउतार करायला सांगितले. गडी चारदा वरखाली करून आला आणि शांतपणे म्हणाला, "झालं का? का अजून एकदा जाऊ?" श्वास फुललेलासुद्धा नाही. शेवटी मला पिटाळलं. मी दुसऱ्याच फेरीत जिन्यावर बसकण मारली आणि भानूनं धावत... नाही, चालतच येऊन माझ्या तोंडापुढे माईक धरला. तो खेळ पुढे बऱ्याच देशांत गेला. त्यात पट्टी संपल्यावर जो सैनिक धापा टाकतो तो मी आहे, हे त्यानं आयुष्यभर भेटेल त्याला सांगितलं. माझ्या लग्नातसुद्धा.

आता माझ्याबद्दल एक सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. मी माझ्या कामात चांगला होतो. खेळाची नवी आवृत्ती हातात आली की चालण्याचा वेग किंचितही बदललेला असला तरी माझ्या बोटांना कळायचं. एकदा मी तक्रार नोंदवली की जिना चढताना माणूस मंद होतोय. सगळ्यांनी वेड्यात काढलं. कागदावर वेग तोच होता. भानूही म्हणाला, "अकोलेकर, तुला उन्ह लागलंय." मी घड्याळ लावून दिवसभर तोच जिना चढलो आणि संध्याकाळी दाखवून दिलं की पायरीगणिक माणूस एक कणभर अडखळतो. चूक भानूच्या कामात होती. त्यानं ती शोधली, दुरुस्त केली आणि मला चहा पाजत म्हणाला, "तुझ्या नजरेतनं मानसाची चाल सुटत न्हाई." ही शाबासकी मी जपून ठेवली होती. नव्या पोरांना शिकवताना ती सांगायचो.

पुढे कंपन्या बदलल्या, तरी महिन्यादोनमहिन्यांतून सदाशिव पेठेत भेटायचं हा नेम राहिला. मिसळ, चहा आणि तेच भांडण. नवा खेळ आला की त्यात बटण आहे का, पट्टी आहे का, आणि कोण बरोबर ठरलं. शेवटचे भेटलो ते संक्रांतीनंतरच्या शनिवारी. मिसळ खाऊन झाल्यावर त्याला काय लहर आली कोण जाणे, म्हणाला, "चल, कॅफे बघून येऊ." कॅफे कधीच गेलाय, तिथे आता स्पर्धा परीक्षेवाल्यांची अभ्यासिका आहे. तरी निघालो. मी पुढे जिना चढत होतो. पहिल्या मजल्यावर पोचून मागे पाहिलं तर भानू अर्ध्या जिन्यात थांबला होता. हात कठड्यावर, मान खाली. श्वासाचा आवाज मला वरपर्यंत ऐकू येत होता. इतक्या वर्षांत त्याची धाप मी पहिल्यांदा ऐकत होतो. आणि मी काय केलं? मी हसलो. म्हणालो, "काय बे, पट्टी संपली का?" त्यानं मान वर केली आणि तोही हसला. "भरतीये. थांब जरा." मी थांबलो. कठड्याला टेकून मजेत उभा राहिलो. जरा वेळानं तो खालूनच म्हणाला, "अकोलेकर, तुझंच बरोबर होतं." मी विचारलं, काय? तो म्हणाला, "पट्टी पायजे. पट्टी असली की कळतंय तरी, किती उरलंय ते."

इतक्या वर्षांचं भांडण मी जिंकलो होतो. वरच्या मजल्यावर आम्ही गेलोच नाही, तो म्हणाला पोरं अभ्यास करत असतील, कशाला त्रास. मला ते पटलं. मी तर हवेत होतो. चहाच्या टपरीवरूनच जुन्या ऑफिसच्या गटावर मी संदेश टाकला, 'भानूनं आज शरणागती पत्करली, पट्टी मान्य', आणि त्यापुढे हसरे चेहरे. सगळ्यांनी माझं अभिनंदन केलं. भानूनं वर केलेला अंगठा टाकला. त्यानंतर बारा दिवसांनी त्याच गटावर त्याच्या जाण्याची बातमी पडली आणि श्रद्धांजली सुरू झाल्या. मधल्या दिवसांत कुणीच काही लिहिलं नव्हतं, त्यामुळे माझे हसरे चेहरे आणि ती बातमी एकाखाली एक आहेत. मी तो गट आता उघडत नाही.

दहाव्याला मांजरीला गेलो होतो. विधी आटोपल्यावर भानूची बायको, वैशाली वहिनी, मला बाजूला घेऊन गेल्या. हातात एक घडी केलेला कागद होता. भानूच्या ऑफिसच्या बॅगेत मिळाला, म्हणाल्या. डॉक्टरांची चिठ्ठी, दिवाळीच्या आधीची. हृदयाच्या तपासण्या ताबडतोब करून घ्या असं लिहिलेलं. यातली एकही तपासणी त्यानं केली नव्हती. घरात कुणाला काही माहीत नव्हतं. गौरीची शाळा, वडिलांचं आजारपण, नवीन प्रोजेक्ट, पुढच्या महिन्यात बघू, असंच त्याचं चाललं असणार... मला त्याचा इतका राग आला की मांडवातच ओरडावंसं वाटलं. वहिनींनी विचारलं, "भावजी, तुमच्याजवळ काय बोलले होते का हे?" मी म्हणालो, "नाही वहिनी." त्यांनी मान हलवली, कागदाची पुन्हा घडी घातली आणि आत गेल्या.

मी खोटं बोललो नव्हतो असं मी घरी येईपर्यंत स्वतःला सांगत होतो. तब्येतीचं एक अक्षरही तो बोलला नव्हता. पण तो बोलला होता. जेवढं त्याच्यासारख्या माणसाला बोलता येतं तेवढं, मला एकट्याला, मला कळेल अशाच भाषेत बोलला होता. जगातल्या दुसऱ्या कुणाला पट्टीचा अर्थ सांगावा लागला असता, मला लागणार नव्हता. खोट्या जिन्यावरच्या खोट्या माणसाची कणभर अडखळ ज्याला दिसायची, त्याच्या डोळ्यांसमोर खरा माणूस खऱ्या जिन्यात उभा राहिला आणि मी विनोद केला. मी तेव्हा त्याला हात धरून रिक्षात घातलं असतं तर? बारा दिवस होते. बारा दिवसांत पुण्यात काय होत नाही... तीन आठवडे मी हेच दळण दळत होतो. बायको म्हणाली, वहिनींना सांगून टाका. मी म्हणायचो, सांगून काय होणार, त्यांना आणखी त्रास. खरं कारण वेगळं होतं. सांगितल्यावर त्या माझ्याकडे कशा बघतील, याची मला भीती वाटत होती.

गेल्या रविवारी दुपारी गेलो. गौरी क्लासला गेली होती. बाहेरच्या खोलीत भानूचा संगणक जिथल्या तिथे होता, वर एक टॉवेल अंथरलेला. वहिनींनी चहा ठेवला आणि समोर येऊन बसल्या. मी सगळं सांगितलं. मिसळ, जिना, कठड्यावरचा हात, माझा विनोद. पट्टी म्हणजे काय तेही समजावून सांगितलं. तुम्ही दहाव्याला विचारलंत तेव्हा मी नाही म्हणालो, ते चुकलं, हेही सांगितलं. मला दिसलं होतं आणि मला कळायला हवं होतं, असं म्हणून मी खाली बघत बसलो. त्या रडतील, नाहीतर उठून जातील, या दोन्हीची तयारी करून मी गेलो होतो.

वहिनी उठल्या नाहीत. आतमध्ये चहा उकळून वास यायला लागला तरी जागच्या हलल्या नाहीत. मग माझ्याकडे न बघता बोलल्या. "तुम्हाला एकदा दिसलं, भावजी. मला रोज दिसत होतं." मी मान वर केली. "लग्न झाल्यापासनं सोळा वर्षं मी ह्यांच्या मागनं पळत होते. बाजारात जा, देवाला जा, हे म्होरं आन् मी मागं. कितीदा म्हणलं, अहो, जरा हळू चला. हसायचे नुसते. दिवाळी झाली आन् हे हळू चालाय लागले. रोज सांजच्याला कॅनॉलच्या कडंनं आम्ही दोघं जायचो, अगदी बरोबरीनं. मधी मधी थांबायचेसुद्धा. मला वाटलं, एवढ्या वर्सांनी माझं ऐकलं." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "लई खुशीत होते हो मी."